एचडी १८९७३३ बी: सोलापुरातून बाह्यग्रहाचे अधिक्रमण टिपण्याच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४ – लक्ष्य ठरवले

हाताशी असलेले साहित्य: १५० मिमी व्यासाची, ७५० मिमी नाभीय अंतराची न्यूटनीय दुर्बीण, एकाच अक्षाला मोटर असलेले विषुववृत्तीय माउंट (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा आधार) आणि २४ मेगापिक्सेलचा जुना डीएसएलआर. ऑटोगायडर (दुर्बीण आपोआप ताऱ्यावर रोखून ठेवणारे उपकरण) नाही, थंड केलेला कॅमेरा नाही. एवढ्या साहित्यावर बाह्यग्रह (दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा ग्रह) आपल्या ताऱ्यासमोरून आडवा गेल्याने, म्हणजे अधिक्रमणात, ताऱ्याचा उजेड किती घटतो ते मोजायचे आहे.

आजवर साडेपाच हजारांहून जास्त बाह्यग्रहांची खात्री झाली आहे, पण सहा इंची दुर्बिणीला झेपतील असे फार थोडे. तारा तेजस्वी हवा, घट ठळक हवी, अधिक्रमण एका संध्याकाळी सुरू होऊन संपणारे हवे आणि पाऊस उघडल्यावर तारा सोलापुरातून उंच दिसायला हवा. चारही अटींत बसला तो जंबुक तारकासमूहातला एचडी १८९७३३. प्रत (तेजाचा आकडा, मोठा तितका तारा मंद) ७.७, अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षे. ग्रह दर २.२२ दिवसांनी समोरून जातो, एक तास ५० मिनिटे समोर असतो आणि उजेड २.४ टक्क्यांनी घटवतो. सोलापूरचे अक्षांश १७.७ अंश, ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर) उत्तर २२.७ अंश, म्हणजे तारा जवळजवळ डोक्यावरून जातो.

दुसरा उमेदवार महाश्वातला एचडी २०९४५८. अधिक्रमण करताना सापडलेला पहिला बाह्यग्रह हाच, १९९९ साली, आणि तोही अवघ्या १० सेंमी व्यासाच्या दुर्बिणीने. पण त्याची घट दीड टक्क्याच्या आसपास आणि अधिक्रमण तीन तासांचे. आधी सोपा पेपर सोडवू.

तारा शोधायला अवघड नाही. शर तारकासमूहाच्या टोकाच्या ताऱ्यापासून तीन अंश उत्तरेला डंबेल तेजोमेघ, त्याच्या पूर्वेला पाव अंशावर आपला तारा. तेजोमेघ चौकटीत दिसला की नेम बरोबर लागला.

२८ सप्टेंबर – वेळेचे गणित

मध्याची वेळ काढायचे सूत्र इथे देतो, दरवेळी संकेतस्थळावर अवलंबून राहायला नको:

मध्य = २४५४२७९.४३६७१ + २.२१८५७५६७ × न

न म्हणजे अधिक्रमणाचा क्रमांक. उत्तर ज्युलियन दिवसांत, म्हणजे खगोलशास्त्रातल्या सलग दिवस-मोजणीत येते. न = २८४४ घेतल्यावर ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटे भारतीय वेळ निघाली. ही वेळ वहीत लिहून ठेवली आणि तिथेच चुकलो. सूत्रातली वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरची आहे. पृथ्वी कक्षेत जिकडे असेल त्यानुसार ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे लवकर किंवा उशिरा पोहोचतो. शिवाय ही वेळ घड्याळाच्या वेळेपेक्षा ६९ सेकंदांनी पुढे असते. दोन्ही धरून ५ ऑक्टोबरची वेळ चार मिनिटांनी अलीकडे सरकते, म्हणजे ७:०१. १६ ऑक्टोबरला फरक पावणेतीन मिनिटांचा, ५ नोव्हेंबरला फक्त ४० सेकंदांचा. दुरुस्ती दर तारखेला वेगळी असते, एकदा काढलेली पुन्हा वापरायची नाही.

या हंगामात सोलापुरातून मिळणाऱ्या संध्या: ५ ऑक्टोबर (मध्य ७:०१, निम्मे संधिप्रकाशात), १६ ऑक्टोबर (९:१६) आणि ५ नोव्हेंबर (८:३१). २५ ऑक्टोबरला मध्य सव्वासहाच्या सुमारास येतो, उजेडात वाया. ५ नोव्हेंबरनंतर तारा पश्चिमेला फार खाली जातो. म्हणजे हातात तीनच संध्या.

५ ऑक्टोबर – ढग, आणि माउंटची अडचण

जुळे सोलापुरातल्या एका गच्चीवर मांडणी केली. सहा वाजल्यापासून आभाळ भरलेले. पावणेआठला आवरले, एकही चौकट (फोटो) नाही.

पण मांडणी केली म्हणूनच एक गोष्ट कळली. ही माउंटे युरोपच्या अक्षांशांसाठी घडवलेली असतात. १८ अंशांखाली आणताना पुढचा स्क्रू पूर्ण बाहेर काढावा लागतो, मागचा जेमतेम टेकतो. अक्ष जवळजवळ आडवा असल्याने, तारा डोक्यावरून पश्चिमेकडे कलत जातो तसा वजनाचा दांडा खाली येतो आणि तिपाईच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. मोटर तशीच फिरत राहते आणि गिअर घासतो. दांड्याच्या टोकाला असलेले पाच किलोचे एक वजन काढून त्याऐवजी दोन छोटी वजने दांड्याच्या मुळाशी लावली आणि दांडा चार बोटे कापला. आता पायाला लागत नाही. दांडा कापण्याआधी कॅमेरा लावून तोल तपासा. आम्ही तपासला नव्हता, नशिबाने जुळला.

दुसरी अडचण ध्रुवताऱ्याची. तो क्षितिजापासून पावणेअठरा अंशच वर असतो आणि गच्चीच्या उत्तरेला तीन मजली इमारत आहे. त्यामुळे सरकणीची पद्धत वापरावी लागणार: दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या ताऱ्यावर आळीपाळीने नजर ठेवून तो वर-खाली किती सरकतो ते पाहायचे आणि माउंट वळवायचे. सवय नसेल तर तास जातो.

१६ ऑक्टोबर – कोजागरी, पहिला खरा प्रयत्न

आभाळात विरळ ढग, पण तारा ५५ अंश उंच आणि मोकळा. पौर्णिमेचा चंद्र ही कमतरता माहीत होतीच. तेजस्वी ताऱ्याला चांदणे फारसे भोवत नाही, असा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. रात्र वाया गेली ती दुसऱ्याच कारणांनी.

मांडणी: आयएसओ ८००, ३० सेकंद, तारा अगदी टोकदार फोकसमध्ये. ७:५० ते १०:३५ चौकटी घेतल्या. १०:१० ला लक्षात आले की २८० च्या आसपास चौकटी हव्यात तिथे १४० सुद्धा भरत नाहीत. कॅमेऱ्याच्या मेन्यूत 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' चालू होते. प्रत्येक ३० सेकंदांच्या चौकटीनंतर कॅमेरा स्वतःहून ३० सेकंद पडदा मिटून काळी चौकट घेत होता. निम्मी रात्र त्यात गेली. हे बंद करणे ही पहिली पायरी समजा. त्याबरोबर आपोआप फिरवणे, आपोआप आयएसओ आणि जेपीजी हेही बंद. फक्त रॉ (कॅमेऱ्याने फेरफार न केलेली फाइल).

१९ ऑक्टोबर – सपाट आलेख

तीन संध्याकाळी बसून चौकटींतला ताऱ्याचा उजेड मोजला. आलेख सपाट. २.४ टक्क्यांची दरी असायला हवी तिथे काहीच नाही.

आधी वेळेवर संशय घेतला, मग तुलना ताऱ्यांवर (ज्यांच्याशी आपल्या ताऱ्याचा उजेड ताडतो ते जवळचे तारे). शेवटी आपल्या ताऱ्याच्या पिक्सेलचे आकडे उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला: मधले आठ-दहा पिक्सेल १६३८३ वर अडकलेले. १४ बिटच्या कॅमेऱ्यात याहून मोठा आकडा लिहिता येत नाही. भांडे काठोकाठ भरून वाहत असेल तर नळाची धार दोन टक्क्यांनी कमी झाली की नाही ते भांड्याकडे पाहून कसे कळणार? ग्रह समोरून गेला, घट झाली, ती वाहून जाणाऱ्या प्रकाशात झाली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारा पांढरा दिसतो म्हणून सॅच्युरेट झालाच असे नाही, आणि उलटही नाही. पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपीजीचा असतो. पहिल्या पाच चौकटी लॅपटॉपवर उघडून रॉ आकडा पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. हे १६ तारखेलाच केले असते तर तीन दिवस आणि एक अधिक्रमण वाचले असते.

२४ ऑक्टोबर – फोकस बिघडवण्याची चाचणी

अधिक्रमण नसलेली रात्र मुद्दाम घेतली. ग्रह समोर नसताना तारा स्थिर दिसायला हवा. उजेडाचे आकडे जेवढे विखुरलेले दिसतील तेवढी आपली चूक.

तीन प्रकार करून पाहिले, प्रत्येकी ४० चौकटी, आयएसओ २००:

टोकदार फोकस, ४ सेकंद. सॅच्युरेशन नाही, पण विखुरणे १.४ टक्के. कारण दोन. थोड्या वेळात ताऱ्याची लुकलुक सरासरीत विरत नाही. शिवाय रंगीत कॅमेऱ्यात हिरवे पिक्सेल एकाआड एक असतात, तारा अर्धा पिक्सेल सरकला की हिरव्याच्या वाट्याला कमीजास्त प्रकाश येतो.

थोडे फोकसबाहेर, तारा २० पिक्सेल रुंद, ३० सेकंद. सर्वांत मोठा आकडा सहा हजारांच्या आसपास, म्हणजे भरपूर जागा शिल्लक. विखुरणे ०.६ टक्के. लागोपाठच्या दहा चौकटींची सरासरी घेतली की ०.२ च्या आसपास. हेच हवे होते.

जास्त फोकसबाहेर, ४५ पिक्सेल. तारा वडा-डोनटसारखा गोल पोकळ, मंद तुलना तारे आभाळाच्या उजेडात बुडाले. विखुरणे पुन्हा १ टक्क्यावर.

दुसरी स्थिती पक्की केली. फोकसरच्या नळीवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने रेघ मारली, पुढच्या वेळी शोधाशोध नको.

एवढ्या रुंद ठशामुळे माउंटची किरकोळ थरथरही खपते. ३० सेकंदांत तारा दोन-तीन पिक्सेल सरकला तरी बिघडत नाही, म्हणून ऑटोगायडरवाचून भागते. ११ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) या ताऱ्याचा एक लाल बटू, म्हणजे छोटा मंद तारा, साथी आहे, तोही ठशात मिसळतो, पण तो इतका मंद की आपल्या मोजणीला धक्का लागत नाही.

२७ ऑक्टोबर – वीज आणि दव

कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी दीड तासात उतरते आणि बदलताना तारा हलतो. डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसणारी, तारेने वीज पुरवणारी) घेतली, १४५० रुपये. माउंटसाठी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी, ९८० रुपये.

न्यूटनीय दुर्बिणीत मोठा आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो, दव धरतो तो तोंडाजवळचा छोटा तिरका आरसा. त्याच्या पाठीला ३९० ओहमचे, अर्ध्या वॅटचे ४ रेझिस्टर समांतर जोडून चिकटवले. मिळून ९७ ओहम, १२ व्होल्टवर दीड वॅट ऊब. एवढी पुरते. आधी १०० ओहमचे चार लावले होते, सहा वॅटने आरसा इतका तापला की ताऱ्याचा ठसा उकळत्या पाण्यासारखा हलायला लागला. आरसा हवेपेक्षा दोन-तीन अंशच गरम हवा.

२ नोव्हेंबर – पाडवा, गच्चीला रामराम

सात ते पावणेआठ चाचणी. फटाक्यांच्या धुराने आपला तारा आणि तुलना तारे दोन्ही मंद होतात. दोघांचे गुणोत्तर काढल्यावर धूर निघून जाईल असे वाटले होते, पण विखुरणे १.१ टक्के आले. धुराचे लोट एकसारखे नसतात, एका ताऱ्यापुढे दाट आणि अर्ध्या अंशावरच्या दुसऱ्यापुढे विरळ, आणि हे दर मिनिटाला बदलते. भाऊबीज ३ तारखेला असली तरी फटाके पुढेही वाजणार. ५ तारखेसाठी शहराबाहेर जायचे ठरले. बार्शी रस्त्यालगत, नान्नजच्या अलीकडे, ओळखीच्या शेतातली विहिरीजवळची सपाट जागा मिळाली. त्या भागात माळढोक अभयारण्य आहे. रात्री दिवे घेऊन त्याच्या हद्दीत जायचे नाही, मालकाला विचारून खासगी शेतातच थांबायचे.

५ नोव्हेंबर – अधिक्रमणाची रात्र

अंदाज: सुरुवात ७:३६, मध्य ८:३१, शेवट ९:२६. सुरुवातीला तारा ६० अंश उंच, मध्याला ४७, शेवटी ३४. कार्तिक शुद्ध चतुर्थीची कोर साडेआठच्या सुमारास मावळणार. तारा आधीच याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडून पश्चिमेला गेलेला, त्यामुळे मध्येच दुर्बीण उलटी फिरवावी लागणार नाही.

५:०० ला पोहोचलो. उत्तर क्षितिज मोकळे, अंधार पडताच ध्रुवतारा थेट दिसला, गच्चीवर तास खाणारे काम पंधरा मिनिटांत झाले.

६:०५ ला फ्लॅट चौकटी (धुळीचे डाग आणि असमान उजेड दुरुस्त करायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो). दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती पंचा दुहेरी ताणून रबराने बांधला आणि मावळतीच्या विरुद्ध बाजूच्या आभाळाकडे रोखून ३० चौकटी घेतल्या, आकडा कमाल मर्यादेच्या निम्म्यावर ठेवून. कॅमेरा आधीच फोकसच्या रेघेवर बसवलेला होता आणि त्यानंतर रात्रभर तो नळीत फिरवला नाही. १६ ऑक्टोबरला फ्लॅट दुसऱ्या दिवशी, कॅमेरा काढून पुन्हा लावून घेतले होते. धुळीचे डाग जागचे हलले होते, ते फ्लॅट फेकून द्यावे लागले.

६:५० ला मोबाइलवरच्या जीपीएस घड्याळाचा कॅमेऱ्यानेच फोटो काढला. शेवटीही एक काढला. याचा उपयोग पुढे कळेल.

७:०२ ला मालिका सुरू, ३० सेकंद अधिक ५ सेकंदांचे अंतर. पहिल्या पाच चौकटी लॅपटॉपवर तपासल्या, सर्वांत मोठा आकडा ५८००. ठीक.

८:०५ ला माउंट थांबले. गाडीतल्या लायटर सॉकेटसारखी जी पिन होती ती स्वतःच्या वजनाने सैल झाली. लक्षात येऊन, तारा परत जागेवर आणेपर्यंत नऊ मिनिटे गेली. १५ चौकटी बाद. सुदैवाने उतार तोवर संपत आला होता, दरीचा तळ चालू होता. लाइव्ह व्ह्यूच्या जाळीत तारा आधी कुठे होता याची खूण वहीत काढून ठेवली होती, म्हणून तो जवळजवळ त्याच पिक्सेलवर परत आणता आला. खूण नसती तर आलेखात तिथे पायरी पडली असती.

पावणेनऊनंतर दव. शेजारच्या ज्वारीला पाणी दिलेले, त्यामुळे गारवा लवकर उतरला. तिरका आरसा कोरडा राहिला, हीटर उपयोगी पडला. नळीवर सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळली होती, ती वरून ओली झाली, आतून नाही. तोंडाकडे मात्र चादर चार बोटे मागे ठेवा, वाऱ्याने टोक आत आले तर प्रकाश अडतो.

बांधावरून गेलेल्या दुचाकींच्या दिव्याने ७ चौकटी खराब, वाऱ्याच्या झोताने ५. १०:०४ ला थांबलो, तारा २५ अंशांवर आला होता. एकूण ३१२ चौकटी, त्यांतल्या २८५ कामाच्या. नंतर दुर्बिणीवर टोपण ठेवून त्याच ३० सेकंदांच्या २५ काळ्या चौकटी घेतल्या.

६ ते ८ नोव्हेंबर – मोजणी

सिरिल या संगणक प्रोग्रॅममध्ये काळ्या आणि फ्लॅट चौकटींची दुरुस्ती करून फक्त हिरवा रंग वेगळा काढला. मग अ‍ॅस्ट्रोइमेजजेमध्ये मोजणी. ताऱ्याभोवतीच्या वर्तुळाची त्रिज्या ८ पासून १६ पिक्सेलपर्यंत बदलून पाहिली, १३ ला विखुरणे सर्वांत कमी.

तुलना तारे चार घेतले होते. चारही एकमेकांशी ताडून पाहिले तेव्हा एक संध्याकाळभर हळूहळू घसरत होता. तो चौकटीच्या कोपऱ्यात होता, तिथे या दुर्बिणीत तारे शेपटीसारखे लांबतात आणि काही प्रकाश वर्तुळाबाहेर राहतो. तो काढला. तीनच ठेवले.

पहिला आलेख आला आणि दरी स्पष्ट दिसली. पण मध्य ८:३५ वर. चार मिनिटांची चूक ग्रहाची असणे शक्य नाही, त्याची वेळ सेकंदांत माहीत आहे. शोध घेतला:

घड्याळाचे फोटो काढलेले असल्याने कॅमेऱ्याचे घड्याळ ९४ सेकंद पुढे असल्याचे सापडले. रॉ फाइलमध्ये एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असते, मधली नाही, म्हणून १५ सेकंद मिळवायचे. दोन्ही करून ८:३३:४१.

उरलेला फरक आलेखाच्या तिरकेपणाचा. आपला तारा नारिंगी आहे, तुलना तारे त्याहून निळसर. तारा खाली उतरतो तशी हवेची जाडी वाढते आणि निळा प्रकाश जास्त गळतो, त्यामुळे गुणोत्तर हळूहळू चढत जाते. दरी तिरकी पडते आणि तिचा मध्य सरकलेला वाटतो. अधिक्रमणाआधीच्या ३४ आणि नंतरच्या ३८ मिनिटांवरून हा चढ काढून टाकला. दरीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा का हवी, ते यावरून कळते. फक्त दरी टिपून घरी गेलात तर चढ किती ते ठरवता येत नाही. या ताऱ्यावर डागही मोठे असतात आणि तो सुमारे १२ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून वेगवेगळ्या रात्रींची पातळी एकमेकींना जोडायची नाही.

शेवटचा निकाल: मध्य ८:३२, चूक दोन मिनिटांपर्यंत. खोली २.५ टक्के, चूक ०.२. वर्गमूळ ०.१५८, म्हणजे ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या ०.१५८ पट. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या ०.७६ पट धरली तर ग्रह गुरूच्या १.१७ पट. मोठ्या दुर्बिणींचा आकडा १.१४ च्या आसपास आहे. आमच्या चुकीच्या मर्यादेत बसला.

१० नोव्हेंबर – नोंदपत्रकात 'ग्रह' लिहायचे का?

हा प्रश्न शब्दांचा कीस काढण्यासाठी नाही, मोजणीतूनच निघाला. दोन दिवस यावर चर्चा झाली आणि पत्रक बदलले.

आलेखातून मिळाली ती फक्त त्रिज्या. वजन नाही. आणि गुरूएवढ्या आकारात काहीही बसू शकते: गुरूसारखा ग्रह, तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या मधली वस्तू), अगदी छोटा लाल तारासुद्धा. वजन दसपट झाले तरी आकार जवळपास तेवढाच राहतो. भारतातलेच उदाहरण घ्या. माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवरच्या पारस वर्णपटमापकाने टीओआय-४६०३ बी चे वजन मोजले, २०२३ साली ते जाहीर झाले. त्रिज्या गुरूच्या १.०४ पट, आमच्या ग्रहाहून थोडी कमीच. वजन मात्र गुरूच्या सुमारे १३ पट. हे दोघे सारख्याच आकाराच्या ताऱ्यांसमोरून गेले तर आमच्या दुर्बिणीला सारख्याच जातीची दरी दिसेल. कोण हलका, कोण जड, हे दरी सांगत नाही.

आणि १३ हा आकडा साधा नाही. आंतरराष्ट्रीय खगोल संघाची २००६ ची प्राग येथील व्याख्या, जिच्यामुळे प्लूटो बटुग्रह झाला, ती फक्त सूर्याभोवती फिरणाऱ्यांना लागू आहे. सूर्याभोवती कक्षा, स्वतःच्या गुरुत्वाने आलेला गोल आकार, कक्षेचा परिसर मोकळा केलेला, या तीन अटी. आमचा ग्रह पहिल्याच अटीत बाहेर पडतो, म्हणून शाळेतली ती व्याख्या इथे लावायची नाही. बाह्यग्रहांसाठी संघाची वेगळी कामचलाऊ व्याख्या आहे, २०१८ मध्ये सुधारलेली: ताऱ्याभोवती फिरणारी वस्तू, जिच्या पोटात ड्युटेरियम (जड हायड्रोजन) पेटत नाही इतपत वजनाची, म्हणजे सध्या धरतात त्याप्रमाणे गुरूच्या १३ पटींखाली, आणि मध्यवर्ती ताऱ्याच्या सुमारे पंचविसाव्या भागाहून हलकी. टीओआय-४६०३ बी बरोबर या वेशीवर उभा आहे.

एचडी १८९७३३ बी सापडला २००५ मध्ये, फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत, तोही ताऱ्याच्या डोलण्यावरून. तारा सेकंदाला सुमारे २०५ मीटर वेगाने पुढे-मागे होतो. त्यातून वजन गुरूच्या १.१३ पट निघते, ताऱ्याच्या सातशेव्या भागाहूनही कमी. तो ग्रह आहे हे त्या वेगाने ठरवले, आमच्या दरीने नाही.

म्हणून पत्रकातले 'ग्रहाचा शोध' हे शीर्षक खोडले आणि 'ज्ञात ग्रहाच्या अधिक्रमणाची मोजणी' लिहिले. 'मोजलेले' या रकान्यात खोली, मध्याची वेळ, त्रिज्येचे गुणोत्तर. 'इतरांकडून घेतलेले' या वेगळ्या रकान्यात ताऱ्याची त्रिज्या आणि ग्रहाचे वजन. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेणाऱ्यांनी हे दोन रकाने वेगळे ठेवावेतच. शाळेच्या प्रदर्शनात 'आम्ही ग्रह शोधला' असा फलक लागला की मुलांच्या डोक्यात मोजणे आणि ओळखणे यांची कायमची गल्लत होते.

१३ नोव्हेंबर – खर्च, वेळ, पुढचे

नवीन खर्च: इंटरव्हलोमीटर (ठरावीक अंतराने फोटो काढणारे यंत्र) ७५०, डमी बॅटरी १४५०, १२ व्होल्ट बॅटरी ९८०, टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारी कडी) व नळी ११००, रेझिस्टर-वायर-कनेक्टर १२०, पेट्रोल ३००. एकूण ४७०० रुपये. दुर्बीण, माउंट, कॅमेरा, लॅपटॉप आधीचे. वेळ एकूण ४५ तासांच्या आसपास, त्यातले निदान २० तास १६ ऑक्टोबरच्या चुका शोधण्यात.

लायटरची पिन कापून एक्सटी-६० कनेक्टर लावला, ओढूनही निघत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ जुळवले, तरी फोटो काढण्याची पद्धत ठेवणार, कारण ते पुन्हा पुढे पळेल.

रॉ फाइल्स पावणेनऊ जीबी. दोन ठिकाणी ठेवल्या, काढून टाकणार नाही. उद्या मोजणीची चांगली रीत सापडली तर याच चौकटी पुन्हा मोजता येतील.

पुढच्या हंगामासाठी सूत्रात न = ३०१८ घाला: २६ ऑक्टोबर २०२५, मध्य संध्याकाळी ७:५० च्या सुमारास, तारा ६५ अंश उंच, चंद्राची कोर बारीक. सुरुवात ७ च्या आधी आहे, म्हणजे आधीची मोकळी जागा संधिप्रकाशात जाईल. त्याची भरपाई म्हणून अधिक्रमण संपल्यावर दहा वाजेपर्यंत थांबायचे. भाऊबीज २३ तारखेला, तेव्हा शेतातच जावे लागेल.